सकाळच्या ब्रशला राखणदार आहे, रात्रीच्या नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात आजी, आई-वडील, १४ वर्षांचा मुलगा आणि ११ वर्षांची मुलगी. आजी रोज मिशरी लावतात. मुलगा सकाळी न सांगता ब्रश करतो, रात्री मात्र दहा वेळा सांगूनही करत नाही. वर्षभरात त्याच्या दोन दाढा किडल्या, शिवाय घासताना हिरड्यांतून रक्त येतं. वडील म्हणतात, "आम्हीही असेच वाढलो, आमचे कुठे किडले?" आईचं विचारणं असं की हे अनुवंशिक आहे की सवयीचं, आणि आता करायचं काय?

अनुवंशाचा भाग आधी संपवतो. जबड्याचा आकार, दातांची गर्दी, दाढांवरच्या खाचा किती खोल, हे आई-बापांकडून येतं. दात किडणं तसं सरळ उतरत नाही. घरातून खरोखर वारशाने मिळतं ते वेळापत्रक: चहा किती वाजता, शेवटचा घास किती वाजता, मुलाला टपरीवर काय आणायला धाडतात, दाढ दुखली की आधी काय लावतात. १४ वर्षांचा मुलगा यातलं जवळजवळ काहीच ठरवत नाही. दाढा मात्र त्याच्या जातात.

तो सकाळी ब्रश करतो आणि रात्री करत नाही, याला आळस म्हणून मोकळं होऊ नका. पारोशा तोंडाने चहा प्यायचा नाही, तोंड धुतल्याशिवाय देवाजवळ जायचं नाही, हे त्याने कळायला लागल्यापासून पाहिलंय. सकाळच्या ब्रशमागे आरोग्याचा विचार नसतो, शुद्धतेचा असतो, आणि हा धाक कुठल्याही उपदेशापेक्षा पक्का. रात्री असा राखणदार कुणी नाही. झोपताना गॅसचा कॉक बंद केला का ते बघतात, दाराची कडी बघतात, तोंडाचं कुणी बघत नाही. आजीच्या पिढीत रात्री दात घासण्याची पद्धत बहुतेक घरांत नव्हतीच. आई-वडील स्वतः रात्री ब्रश करत नसतील, तर घरात कुणीच न करणारी गोष्ट मुलाने एकट्याने करावी, अशी ती अपेक्षा होते. ती फार तर आठवडाभर टिकते.

दोन्हीपैकी एकच वेळ निवडायची झाली तर दातांच्या दृष्टीने रात्रीची महत्त्वाची. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. काही मिनिटांत तिथला सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरतो आणि दाताच्या वरच्या कवचातून खनिजं सुटायला लागतात. लाळ हे आम्ल धुऊन काढते, सौम्य करते, सुटलेली खनिजं परत बसवते. या दुरुस्तीला साधारण अर्धा ते एक तास लागतो. झोपेत लाळ जवळपास थांबते. रात्री साडेअकराला बिस्किटं खाऊन झोपलेल्या मुलाच्या दाढांच्या खाचांत तो लगदा सकाळपर्यंत बसून राहतो, आणि त्याला धुणारं कुणी नसतं.

म्हणून पहिला उपाय ब्रशचा नाही, शेवटच्या घासाचा. बहुतेक घरांत जेवण नऊ-साडेनऊला होतं. मग टीव्ही, अभ्यास, मोबाइल, आणि अकराच्या सुमारास "थोडं दूध घेऊन झोप". त्या दुधात साखर किंवा चॉकलेटची पूड. आई ब्रशची आठवण करते ती यानंतर, तेव्हा मुलगा पेंगुळलेला असतो. क्रम बदला. दूध द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच, बिनसाखरेचं. ताटं उचलली, ओटा पुसला, की सगळ्यांनी ब्रश करायचे. सगळ्यांनी म्हणजे वडिलांनीसुद्धा. त्यानंतर फक्त पाणी. अभ्यासाला रात्री भूक लागतेच, तेव्हा जेवण अर्धा तास उशिरा ठेवा किंवा ब्रश भुकेनंतर ढकला. पण ब्रशनंतर काही खायचं नाही, हा नियम एकदा मोडला की उरलेलं सगळं वाया. ब्रश न्हाणीघरातल्या उंच फळीवर असतील तर ते स्वयंपाकघराजवळच्या बेसिनपाशी आणून ठेवा. क्षुल्लक वाटतं, पण किशोरवयात दहा पावलांचा फरक पडतो.

ज्या घरांत सूर्यास्तानंतर खाणं नसतं, कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक जैन घरांत हे पाळतात, त्यांना हा फायदा आयताच मिळतो. मात्र जिथे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, तिथे ब्रश सूर्यास्ताआधी, शेवटच्या घासाला लागूनच उरकावा. रमजानमध्ये हीच गोष्ट सहेरी संपवताना आणि रात्रीच्या खाण्यानंतर करायची. मिस्वाक, म्हणजे दात घासायची काडी, जोडीला चालेल, ब्रशच्या बदल्यात नको.

आता वडिलांच्या "आमचे कुठे किडले" विषयी. त्यांच्या लहानपणी गोड कमी होतं असं नाही, ते दिवसभर पसरलेलं नव्हतं. दात किडण्यात साखर किती, यापेक्षा ती कितीदा, हे जास्त मोजायचं असतं. आज शाळेच्या दाराशी पाच-दहा रुपयांची पुडी, क्लासला जाताना थंड पेय, घरी आल्यावर चहा-बिस्किट, अभ्यासाला चिवडा. प्रत्येक वेळी तो अर्धा-एक तास नव्याने सुरू होतो. सहा वेळा तोंड चाळवलं तर दाताला सावरायला दिवसात उसंतच मिळत नाही. शीतपेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० च्या बाटलीत पाच-सहा चमचे, आणि ते पेय मुळातच आम्लधर्मी. घोटघोट करत तासभर पिणं सगळ्यात वाईट. प्यायलं तर एका बैठकीत संपवावं, वर पाण्याने चूळ भरावी, आणि अर्धा तास ब्रश लावू नये, कारण त्या वेळी कवच मऊ झालेलं असतं. जाता जाता: तिखट-खारट म्हणजे दातांना सुरक्षित, हा समज चुकीचा. बिस्किट, वेफर्स, शेव, उपवासाचा साबुदाणा यांतलं पिष्ट दाढांच्या खाचांत चिकटून राहतं आणि लाळेमुळे तिथेच त्याची साखर होते.

आपल्या जेवणाच्या जुन्या रीती या बाबतीत शहाण्या आहेत, त्या मोडल्या तिथे बिघडलं. मराठी पानात गोड जेवणाबरोबरच वाढतात. श्रीखंड असो की पुरणपोळी, ती भात-वरणाच्या संगतीने पोटात जाते. तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते आणि हल्ला एकदाच होतो. गणपतीत दर आरतीला प्रसाद, दिवाळीत पंधरा दिवस उघडे राहिलेले फराळाचे डबे, संक्रांतीत खिशात तिळगूळ, यांतला धोका पदार्थात कमी आणि येता-जाता तोंडात टाकण्यात जास्त. फराळ बंद करू नका. सकाळी नाश्त्याला ताटलीत वाढा, डबा वर ठेवा. दुसरी चांगली रीत म्हणजे खाल्ल्यावर खळखळून चूळ भरणं. शाळेत, क्लासला मुलं हे सोडून देतात, कारण चारचौघांत लाज वाटते. बाटलीतल्या पाण्याचा एक घोट तोंडात घोळवून गिळला तरी काम होतं, हे त्यांना सांगा.

हीच चूळ ब्रशनंतर मात्र नडते. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहायला हवं, आणि आपण तीन-चार तांबे पाण्याने ते धुऊन टाकतो. ब्रशनंतर फेस थुंकायचा, फार तर एक छोटा घोट, बस. मोठ्या माणसांना हे अस्वच्छ वाटतं. मुलाला दोन-तीन दिवसांत सवय होते.

पेस्ट घेताना जाहिरात न बघता नळीवरची बारीक अक्षरं वाचा. फ्लोराइड किती, ते पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेलं असतं. भारतात टूथपेस्टला १००० पीपीएमची कमाल मर्यादा आहे, तेव्हा त्याच्या आसपासचा आकडा हवा. वनौषधींच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. लवंग-कडुनिंबाने तोंडाला बरं वाटतं, पण कीड रोखण्याचं काम त्याने होत नाही. या वयात ब्रशवर एक सेंटिमीटर पेस्ट पुरे. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, भरड लाल मंजन बंद करा. बोट दाढांच्या मागे आणि फटींत पोचत नाही, आणि खरखरीत कण कवच घासून काढतात. मोबाइलवर दिसणारी काळी कोळशाची पेस्ट म्हणजे नव्या वेष्टणातली राखुंडीच. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीला हरकत नाही, पण ती रात्रीच्या ब्रशची जागा घेत नाही.

ब्रश मऊ, डोकं लहान. हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर ४५ अंशांत टेकवायचा, जागच्या जागी हलक्या थरथरीच्या आठ-दहा हालचाली, मग दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा ओढायचा. दोन मिनिटं. उजव्या हाताने घासणाऱ्यांचे उजव्या बाजूचे दात आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू हमखास राहते, तेव्हा सुरुवात तिथूनच करायला सांगा. तीन महिन्यांनी ब्रश बदला. महिन्याभरात ब्रशचे केस फिसकटले तर मुलगा छान घासतोय असा अर्थ काढू नका, तो फार जोर लावतोय. खरोखर साफ होतं का, हे पाहायला दंतवैद्यांकडे दातांवरचा थर रंगवणारी गोळी मिळते. चावून चूळ भरली की राहिलेल्या जागा लाल दिसतात. शंभर वेळा बोलून होत नाही ते आरशातला लाल रंग एकदा दाखवून होतं. ही गोळी बहीण-भाऊ आणि वडील, तिघांनी एकदम चावावी. फक्त मुलाची परीक्षा घेतली तर तो चिडेल.

रक्ताचं बघू. घरोघरी याचं निदान ठरलेलं असतं: उष्णता वाढली. मग सब्जा, गुलकंद, आणि "हिरडी दुखावते तर दोन दिवस घासू नकोस." इथेच घोळ होतो. वयात येताना शरीरातले बदल हिरड्यांना हळवं करतात, त्यामुळे थोडासा थर साचला तरी त्या सुजतात आणि रक्त येतं. घासणं थांबवलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढतं. त्याच जागी मऊ ब्रशने, नीट, रोज दोनदा घासलं तर बहुतेकांचं रक्त सात ते दहा दिवसांत थांबतं. तरी थांबलं नाही तर कडक कीटण बसलेलं असेल, ते दंतवैद्यांकडूनच काढायला हवं. क्लीनिंगने दात हलतात, फटी पडतात, ही भीती खूप घरांत आहे. फट आधीपासून असते, कीटणाने बुजलेली असते. ते काढल्यावर जिभेला जाणवते, एवढंच. वरची दाढ काढली की नजर कमी होते, हेही खरं नाही. डोळ्याची नस वेगळी.

मिशरीविषयी नाजूकपणे पण स्पष्ट बोललं पाहिजे. मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. भाजल्याने तिच्यातलं निकोटिन जात नाही. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही", "लावली नाही तर डोकं दुखतं", ही व्यसनाची लक्षणं आहेत. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला भारतात १९९२ मध्येच बंदी आली, पण घरच्या तव्याला ती कुठून लागू होणार? मुली आजीजवळ बसून, दात घासायचं साधन समजून मिशरी उचलतात, आणि दाढ दुखली की "चिमूटभर दाबून धर" या सल्ल्यातून मुलगेही. दुखऱ्या दाढेत तंबाखू हा व्यसनाचा फार जुना दरवाजा आहे. त्याऐवजी कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचा एक थेंब, नेमका किडलेल्या खड्ड्यात, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवायची नाही, कातडी भाजते. गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेक नको, थंड पट्टी ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा.

आजींना मुलांसमोर दोष देऊन उपयोग होणार नाही. मुलं आजीची बाजू घेतील, आणि तेही बरोबरच. आजींना एक काम सांगा: मिशरीची डबी मुलांच्या नजरेआड ठेवायची, आणि नातीला "तू मात्र हे लावू नकोस" हे त्यांनी स्वतः सांगायचं. त्या तोंडून आलेलं वाक्य दंतवैद्यांच्या वाक्यापेक्षा जड असतं. त्यांचं स्वतःचं तोंडही एकदा तपासून घ्या. गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर थांबायचं नाही. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत राष्ट्रीय फोन क्रमांक आहे.

सुपारीकडे घरं त्याहून कानाडोळा करतात, कारण ती पानसुपारीतून, हळदीकुंकवातून आलेली, मानाची. जेवणानंतर बडीशेपेबरोबर गोड सुपारी मुलांच्याही हातावर ठेवतात. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेली आहे, तंबाखूची गरज नाही. तिने गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते, तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं, आणि हा ताठरपणा पूर्ण परत फिरत नाही. मुलाची स्वतःची तीन बोटं, उभी, समोरच्या दातांमध्ये सहज जातात का, हे घरी बघता येतं. दोनच जात असतील तर खिसे न तपासता आधी दवाखान्यात न्या. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण विदर्भात खर्रा आणि इतरत्र मावा (दोन्ही सुपारी-तंबाखूचं मिश्रण) मिळतोच. मुलाला "काकांसाठी पुडी आण" म्हणून टपरीवर पाठवणं आजपासून बंद. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे, आणि बाल न्याय कायद्यात मुलाला ती देण्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कायद्याहून मोठी गोष्ट ही की टपरीवाल्याशी त्याची ओळख आपणच करून देत असतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखे. ही घाण नाही. दात हाडात घडत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत, पडलेला तो डाग असतो. मुलगी दात घासत नाही म्हणून तिला रागावणं आणि मिठाने घासायला लावणं हा तिच्यावर अन्याय. त्यावर दवाखान्यात इलाज आहेत. पाणी तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्याचा स्रोत बदला. धाकट्या भावंडांचे दात त्याने वाचतील.

दवाखान्यात कधी जायचं, हेही घरच ठरवतं, आणि नियम बहुधा एकच: दुखल्यावर. यात आपल्या शब्दाचाही वाटा आहे. "कीड" म्हटलं की बाहेरून शिरलेला किडा डोळ्यांसमोर येतो, म्हणजे नशिबाची गोष्ट. प्रत्यक्षात महिनोन् महिने चाललेली ती झीज असते आणि बराच काळ ती दुखत नाही. काळी रेघ किंवा छोटा खड्डा दिसला तेव्हा एका बैठकीत सिमेंट भरून भागतं. दुखेपर्यंत थांबलं की रूट कॅनॉल, आणि १४ व्या वर्षी दुसऱ्या दाढेच्या मुळांची टोकं अनेकदा पूर्ण बंद झालेली नसतात, त्यामुळे तेही किचकट होतं. दुसरा गैरसमज दाढांचा. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागे उगवते, तिच्या जागी काही पडत नाही. घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून दिली जाते. ती पडत नाही. ती गेली की गेली.

मुलाचे दात वाकडे असतील आणि तारा लावायच्या असतील तर दीड-दोन वर्षं आणि दर चार ते सहा आठवड्यांनी फेरी धरून चला. "दहावी होऊ दे", "मुलीचं आहे म्हणून लावू, मुलाला काय करायचंय", हे दोन्ही हिशेब बाजूला ठेवा. आठवीत सुरुवात केली तर दहावीच्या परीक्षेआधी तारा निघू शकतात. पण रात्रीचा ब्रश बसल्याशिवाय तारा लावू नका. तारांभोवती थर राहिला तर महिन्याभरात पांढरे डाग पडायला लागतात, आणि तारा निघाल्यावर सरळ झालेल्या दातांवर तेच दिसतात. तारा असताना चिक्की, ऊस, कडक चकली, मक्याचं कणीस दातांनी तोडायचं नाही.

दहावीनंतर लातूरला किंवा कोट्याला शिकायला पाठवणार असाल तर तिथे राखणदार अजिबात नसतो. वसतिगृहात रात्रीचं बेसिन गर्दीचं, मेसचं जेवण लवकर, अभ्यास एक वाजेपर्यंत चहावर. पुढच्या दोन वर्षांत घरी जी सवय बसेल तेवढीच तो सोबत नेईल.

मुलीचं काम आत्ताच करता येण्यासारखं आहे. ११-१३ या वयात तिच्या दुसऱ्या कायमच्या दाढा वर येतील, अगदी मागे, काही न पडता. नव्या दाताचं कवच पहिली दोन-तीन वर्षं कच्चं असतं आणि खाचा उघड्या. दाढ पूर्ण वर आली की खाचांवर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, भरून घ्या. टोचणं नाही, कोरणं नाही, दाढेमागे दहा-पंधरा मिनिटं. सहाव्या वर्षाच्या दाढा अजून शाबूत असतील तर त्याच दिवशी त्यांनाही. मुलगा शेजारच्या खुर्चीत असेलच, त्याच्या उरलेल्या दाढा तेव्हाच बघून घ्या.